मेलेल्या वर्गमित्रांची यादी कोण करतो?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या २००४ च्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची शाळा. वीस वर्षांनी सगळे भेटणार म्हणून फेटे, ढोलताशा, शिक्षकांचे सत्कार, शाल-श्रीफळ असे सगळे होते. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला एक वेगळा फ्लेक्स लावला होता. त्यावर लिहिले होते, 'अकाली निघून गेलेल्या आमच्या वर्गमित्रांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली तीन फोटो होते. आम्ही सगळे दोन मिनिटे उभे राहिलो.

त्या दोन मिनिटांत मी मोजले. माझ्या हिशेबाने सात जण मेलेले आहेत.

फ्लेक्सवर तीन. मग बाकीचे चार कुठे गेले?

जेवणाच्या वेळी मी संयोजकांना विचारले. उत्तर अगदी सरळ आले, "अगं, ते आपल्या बॅचचे नव्हते ना. दोघं तर दहावीला नव्हतेच. बाकी दोघांचे फोटो मिळाले नाहीत." रात्री ग्रुपवर तोच प्रश्न लेखी टाकला, तर एकाने लिहिले, "ताई, निदान इथं तरी जात आणू नको. मेलेल्यांना जात नसते." त्याला सव्वीस जणांनी अंगठा दाखवला. त्या सव्वीस जणांसाठी आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक बॅचसाठी हा लेख आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. फ्लेक्सवरच्या तिघांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यातला एक जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होता आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. आठवीत असताना त्याने मला त्याची गणिताची वही महिनाभर दिली होती. त्याच्यासाठी उभे राहताना माझे डोळे खरोखर भरून आले. दुसरा महामार्गावरच्या अपघातात गेला, तिसऱ्याचे कृषी सेवा केंद्र होते आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला. तिघांच्या घरचे दुःख खरे आहे. माझे भांडण त्या फोटोंशी नाही, त्या फोटोंच्या शेजारच्या रिकाम्या जागेशी आहे.

आता त्या चौघांबद्दल. या लेखात मी कुणाचेही नाव लिहिणार नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय मेलेल्या माणसाचे नाव लेखात वापरण्याचा मला अधिकार नाही.

पहिला आमच्याबरोबर पाचवीपासून होता. नववीच्या वर्षी दिवाळीनंतर तो आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला आणि परत वर्गात आला नाही. पुढे लग्न झाल्यावर नवरा-बायकोचा एक 'कोयता' झाला, मुकादमाची उचल डोक्यावर बसली. रात्री उसाने भरलेली ट्रॉली उलटली, तिच्याखाली तो गेला. त्याच्या घरी गेले तेव्हा मला कळले की त्याची राहिलेली उचल पुढच्या हंगामात त्याच्या धाकट्या भावाने काम करून फेडली. माणूस मेला, कर्ज मात्र जिवंत राहिले.

दुसरी माझ्याच बाकावर बसायची. नववीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचे लग्न लावून दिले. वय पंधरा. दुसऱ्या बाळंतपणात तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच ती गेली. ही बातमी मला तीन वर्षांनी कळली. तिच्या आईने मला आठवीच्या वर्गाचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "तिचा एवढाच फोटू हाय बघ माय." म्हणजे फोटो होता. फक्त तो मागायला कुणी गेले नव्हते.

तिसरा दहावी पास झालेला. आमच्याच बॅचचा, अगदी संयोजकांच्या व्याख्येप्रमाणेसुद्धा. मातंग समाजाचा. बारावी झाली नाही म्हणून पुण्याला गेला आणि २०१८ मध्ये एका सोसायटीच्या सेप्टिक टाकीत उतरला. वर आला तो मेलेला.

चौथाही दहावी पास. घरी गुंठाभर जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतात बटईने राबायचा. सलग दोन वर्षे पीक हातचे गेले आणि त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. सरकारी मदतीच्या निकषांत आत्महत्याग्रस्त शेतकरी म्हणून मोजले जायला कुटुंबाच्या नावावर जमीन लागते. त्याच्याकडे सातबारा नव्हता. त्यामुळे तो सरकारच्या यादीत शेतकरी नाही आणि आमच्या यादीत वर्गमित्र नाही.

आता मुद्दा पाहा. 'बॅच' म्हणजे काय? ज्या वर्षी दहावीची परीक्षा दिली ते वर्ष. वरवर ही व्याख्या निरुपद्रवी वाटते. पण आठवीत आमच्या वर्गात ६१ जण होते आणि दहावीच्या परीक्षेला त्यातले ४३ बसले. मधले १८ जण कोण होते? ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले, लवकर लग्न लावलेल्या मुली, पालावरची दोन पोरे, आमच्या वस्तीतले काही. त्यांना शाळेने गाळले, आणि वीस वर्षांनी स्नेहमेळाव्याने त्याच गाळणीने पुन्हा एकदा गाळले. जो व्यवस्थेतून लवकर बाहेर फेकला जातो तोच लवकर मरण्याची शक्यता जास्त, आणि नेमका तोच स्मरणाच्या यादीत बसत नाही. कुणीही मुद्दाम बसून, जात विचारून नावे काढली नाहीत, हे मला मान्य आहे. जातीला हल्ली तशी गरजच पडत नाही. एक साधी, सभ्य व्याख्या केली की पुढचे काम आपोआप होते.

मुलींचे तर विचारूच नका. लग्न झाले, आडनाव बदलले, गाव बदलले, नंबर सासरच्या माणसाच्या फोनवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. ही आताची पिढी. आमच्या पिढीचे काय असेल याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या वर्गाच्या फोटोवर बोट ठेवून करावा. आमच्या ग्रुपमध्ये ४३ पैकी ३६ जण आहेत, त्यांत मुली फक्त नऊ.

"मेलेल्यांना जात नसते." हे वाक्य ऐकायला फार छान आहे. पण माझ्या सव्वीस मित्रांनो, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आजही स्मशानभूमी वेगवेगळी आहे. एका बाजूला पत्र्याचे शेड, पाण्याची टाकी आणि सिमेंटचा रस्ता, दुसऱ्या बाजूला ओढ्याकाठचा चिखल. पावसाळ्यात आमच्या माणसाला अग्नी द्यायला आम्ही वरून ताडपत्री धरून उभे राहतो. मेलेल्यांना जात नसते, असे ताडपत्री न धरलेला माणूसच म्हणू शकतो.

आणि मरणाच्या आधी? संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात भारताबद्दल एक आकडा आहे. उच्चजातीय स्त्रीच्या तुलनेत दलित स्त्री सरासरी १४.६ वर्षे आधी मरते. चौदा वर्षे! म्हणजे एका मुलीचे बालपण आणि शाळा मिळून जेवढी वर्षे होतात, तेवढी तिच्या आयुष्याच्या शेवटाकडून कापली जातात. बाबासाहेबांनी या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ही श्रेणी पाणवठ्यावर आणि मंदिराच्या दारात थांबत नाही. कोण कधी मरणार, कशाने मरणार आणि मेल्यावर त्याच्यासाठी कोण उभे राहणार, इथपर्यंत ती पोचते.

समाजशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा एमिल दुर्खीमचे नाव घेतो. १८९७ साली त्याने आत्महत्येवर ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले की सर्वात खासगी वाटणारे मरणसुद्धा सामाजिक असते, त्याला समाजात कारणे असतात. एम.ए. करताना मी हे पाठ केले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळवले. पण माझ्या बाकावरची मैत्रीण कशाने गेली, हे विचारायला मला तीन वर्षे लागली. हा माझा दोष आहे आणि तो मी इथे कबूल करते.

काही जण मला शांत करायला म्हणाले, "मरण कुणाला चुकलंय? तुम्ही बुद्धाला मानता ना, मग अनित्य माहीत असेलच." माहीत आहे. किसा गौतमीची गोष्ट आमच्या विहारात लहान मुलांनाही माहीत असते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. बुद्धाने तिला सांगितले, ज्या घरात कुणी मेलेले नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. तिला असे घर मिळाले नाही. मरण सर्वांच्या घरी येते, हे तिला कळले. पण मला सांगा, त्यासाठी गौतमी किती घरी गेली? दारोदार गेली. प्रत्येक घरी विचारले, तुमच्याकडे कोण गेले? आमच्या बॅचने किती दारे वाजवली? मुख्य रस्त्यावरची तीन. वस्तीवर, पालावर, ऊसतोड कामगारांच्या तांड्यावर कुणी गेले नाही. मग अनित्याचा धडा आम्हाला कशाला शिकवता?

शिवाय बुद्धाने अनित्य सांगितले तसाच प्रतीत्यसमुत्पादही सांगितला. कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण दूर केले तर परिणामही दूर होतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माचा हिशेब या जन्मातल्या दुःखाला लावायला ठाम नकार दिला आहे. म्हणून आम्ही 'देवाज्ञा झाली' म्हणत नाही, 'त्याच्या नशिबात तेवढेच होते' असेही म्हणत नाही. सेप्टिक टाकीतला विषारी वायू हे नशीब नसते. रुग्णवाहिका उशिरा येणे ही देवाज्ञा नसते. पंधराव्या वर्षी लग्न लावणे हा मागच्या जन्माचा भोग नसतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'काळाने घाला घातला' असे लिहिले की काळ सोडून बाकी सगळे सुटतात.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येते.

कोरोनाने गेलेल्या आमच्या शिक्षक मित्राच्या पत्नीला ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये ही मदत सुरू झाली होती. तिचा ऑनलाइन अर्ज आमच्याच बॅचमधल्या एका मित्राने भरून दिला, कागद नीट लावून दिले. अतिशय चांगले काम केले. वर्गमित्र असाच असावा.

आणि सेप्टिक टाकीत मेलेल्या मित्राची पत्नी? हाताने मैला साफ करण्याच्या कामावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९९३ पासून अशा कामात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाखांवर नेली. टाकी खासगी सोसायटीची असली म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत. गोवंडीतल्या एका सोसायटीत मेलेल्या तीन कामगारांच्या पत्नींना १० लाख द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे.

हे त्या वहिनींना कुणीही सांगितले नव्हते. सहा वर्षे. सोसायटीने अंत्यविधीसाठी २५ हजार दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि विषय संपला. आमच्या बॅचमध्ये एक वकील आहे, एक तहसील कार्यालयात आहे, एक पंचायत समितीचा सदस्य होऊन गेला आणि मी स्वतः सामाजिक काम करते म्हणून मिरवते. चौघांपैकी एकालाही त्या घराचे दार माहीत नव्हते. याच बॅचने स्नेहमेळाव्यात एक लाख ऐंशी हजारांची वर्गणी काढून शाळेला कमान दिली. कमानीला माझा विरोध नाही. पण त्या कमानीखालून आत आलेल्या एका पोराच्या लेकरांचे दहा लाख बुडत होते आणि आम्ही कमानीवर कुणाचे नाव मोठे यावर दोन दिवस वाद घालत होतो.

स्मरण म्हणजे भावना, असे आपण समजतो. मला आता वाटते की स्मरण म्हणजे माहिती. कोण गेला, कधी गेला, कशाने गेला आणि मागे कोण राहिले. एवढे माहीत असेल तर माणूस काहीतरी करू शकतो. एवढे माहीत नसेल तर दोन मिनिटे उभे राहून तो फक्त स्वतःच्या हळवेपणाचे कौतुक करतो.

आणि कधी कधी वर्गमित्राची आठवण म्हणजे साक्ष असते. खर्ड्याचा नितीन आगे आठवतो का? २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून त्याला शाळेच्या आवारातून मारहाण करत नेले आणि ठार मारले, असा आरोप होता. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. नितीनला वर्ग होता, बाक होता, हजेरीपटात नाव होते. पण न्यायालयात उभे राहून 'मी पाहिले, मला आठवते' असे म्हणायची वेळ आली तेव्हा सगळ्यांची आठवण पुसली गेली. म्हणून मला हे दोन मिनिटांचे मौन टोचते. आपल्या समाजाला मौनाची सवय फार आधीपासून आहे. त्याला मौन शिकवण्याची गरज नाही, बोलायला शिकवण्याची गरज आहे.

आता थोडे आपल्याच माणसांबद्दल. ग्रुपवर मी प्रश्न टाकला तेव्हा आमच्या वस्तीतले तिघेही गप्प बसले. एकाने खासगीत फोन करून सांगितले, "ताई, तुझं खरं आहे, पण उगाच वाईटपणा कशाला?" दुसऱ्याला तर मातंग वस्तीतला तो मित्र आठवतही नव्हता. आणि पालावरची ती दोन पोरे? ती आज जिवंत आहेत की नाहीत, हे मलाही सांगता आले नाही. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. आपल्या वरच्याने आपल्याला विसरले की आपल्याला राग येतो, आपण आपल्या खालच्याला विसरलो की ते आपल्या लक्षातही येत नाही. दर वर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. त्या स्तंभावर नावे कोरलेली आहेत म्हणून जातो. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले आणि त्या नावांमधून त्यांनी आपल्याला आपला इतिहास दाखवला. नावाची किंमत आपल्याइतकी कुणाला कळणार? मग आपल्या वस्तीत गेल्या वीस वर्षांत चाळिशीच्या आत गेलेल्यांची नावे आपल्या विहारात कुठल्या वहीत आहेत? जयंतीच्या वर्गणीची वही आहे. ही वही नाही.

म्हणून माझे म्हणणे अगदी साधे आहे. मेलेल्या वर्गमित्रांचे स्मरण करायचे असेल तर पुढच्या तीन गोष्टी करा.

एक, यादी दहावीच्या निकालावरून करू नका. पाचवीच्या किंवा आठवीच्या हजेरीपटावरून करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक नाव असते, शाळा सोडल्याची तारीखही असते. मुख्याध्यापकांकडे दहा माजी विद्यार्थी मिळून गेले तर ते नाही म्हणणार नाहीत.

दोन, प्रत्येक नावामागे एक जण त्या घरी जाऊन येईल. फोनवर नाही, घरी. घरचे बोलायला तयार असतील तर कसा गेला, कशाने गेली, हे विचारून लिहून ठेवा. तयार नसतील तर चहा पिऊन परत या.

तीन, कागद पाहा. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, अकस्मात मृत्यूच्या नोंदीची प्रत, वारसाचा दाखला. कुणाची नुकसानभरपाई, कुणाची निराधार योजना, कुणाच्या मुलांची शिष्यवृत्ती अडकली आहे का ते बघा. बॅचमधल्या वकिलाने आणि कारकुनाने श्रद्धांजलीच्या भाषणाऐवजी एक अर्ज लिहून द्यावा.

हे सगळे सवर्ण वर्गमित्रांच्याही उपयोगाचे आहे. अपघातात गेलेल्या मित्राच्या घरी विम्याच्या दाव्याचा घोळ अजून चालू आहे, हे मला या फिरण्यातच कळले. फ्लेक्सवर फोटो असूनही तिथेही कुणी गेले नव्हते.

आमच्याकडे काय झाले ते सांगते. सव्वीस अंगठ्यांपैकी दोघांनी नंतर मला फोन केला. त्यात आमचा वकील मित्र होता. तो म्हणाला, "मी तो अंगठा न वाचताच दिला होता." ज्या जिल्ह्यात मृत्यू झाला तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि समाजकल्याण कार्यालयाकडे आम्ही वहिनींचा अर्ज दिला आहे. पोलिसांकडून नोंदीची प्रत मिळवायलाच दोन महिने लागले. पैसे अजून मिळालेले नाहीत, मिळतील तेव्हा सांगेन. अर्ज देऊन परत येताना वहिनी एसटीत म्हणाल्या, "ताई, ह्यांचे शाळेतले दोस्त एवढे होते, मला माहीतच नव्हतं." मी काहीच बोलू शकले नाही.

पुढच्या १४ एप्रिलच्या आत आमच्या आठवीच्या हजेरीपटातल्या ६१ नावांची यादी पूर्ण करायची असे आम्ही पाच जणांनी ठरवले आहे. त्यात पालावरची ती दोन नावेही आहेत. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वर्गाची यादी काढावी. आणि पुढच्या वेळी कुणी दोन मिनिटे उभे राहा म्हटले, तर उभे राहा, पण आधी विचारा : यादी कुणी केली?

जय भीम. नमो बुद्धाय.